भिंगरीचा ठेका

३ ऑगस्ट १९८८, बुधवार

दुपारी साडेतीनला रुपरावने दोन नंबरच्या मशीनवर लोखंडी सळई मारली. एकदाच, डाव्या बाजूने, कमरेच्या उंचीवर. प्लायवूड फुटलं, आतली सर्किटची पाटी निसटून तळाशी आपटली आणि पडदा पांढरा झाला. त्याआधी त्याने मालकांचं, म्हणजे महादेवरावांचं, तोंड काउंटरच्या काचेवर दाबलं होतं. समोरचे दोन दात गेले. एक काउंटरवर मिळाला, दुसरा मी केर काढताना सापडला.

कारण एवढंच, की मालकांनी आज पहिल्यांदा त्याच्या माणसांच्या खेळाचं टोकन मागितलं.

रुपराव आमच्याच गल्लीचा. गोळीबार चौकाच्या मागे आमची घरं समोरासमोर आहेत. त्याचे वडील आणि माझे वडील, दोघेही हातमागावर लुगडी विणायचे. आता दोघेही नाहीत आणि दोन्ही घरांतले माग विकले गेले. रुपराव मला बहीण म्हणतो. माय म्हणते, त्याच्यामुळेच मी सीताबर्डीत व्हिडिओ गेमच्या दुकानात निर्धास्त नोकरी करू शकते. माझ्या मते मी नोकरी करू शकते कारण या पाट्या दुरुस्त करणारं आसपास दुसरं कोणी नाही.

माझा मोठा भाऊ देवराव सगळा वेळ रुपरावच्या मागे उभा होता. त्याने हात उचलला नाही. अडवलंही नाही.

४ ऑगस्ट

दोष सापडला. पाटी शाबूत आहे, फक्त बारा मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल गेला. कानाशी धरून हलवला तर आत बारीक खुळखुळतं. धक्क्याने आतली चकती फुटली असणार. क्रिस्टल म्हणजे पाटीची नाडी. त्याच्या ठोक्यांवर चित्र, आवाज, उड्या, सगळं चालतं.

बर्डीतली चार दुकानं फिरले. बारा कुठेच नाही. ११.०५९२ चा मिळाला. मुंबईच्या दुकानाला बारासाठी पत्र टाकलं, व्हीपीने यायला दोन आठवडे लागतील. तोवर हाच लावला. चित्र वर सरकत राहिलं, ते व्हर्टिकल होल्डचं बटण फिरवून थांबवलं. संगीत किंचित खाली उतरलं आहे. गर्दीत कळणार नाही.

मालक तोंडावर फडकं दाबून शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "इंजिनेरबाई, याच्यानं काही फरक पडन का?"

मी सांगितलं, मशीन आठ टक्के सावकाश चालेल.

"दिसन का कोणाले?"

मी म्हणाले, नाही. पडद्याकडे पाहून खेळणाऱ्याच्या तीन-चार दिवसांत अंगवळणी पडेल. ते थोडा विचार करून म्हणाले, "अन् जो सवयीनं खेळते, त्याच्या?" त्याला जास्त वेळ लागेल, असं मी सांगितलं. मग त्यांनी फडकं बदललं. मशीन कमजोर झालं असं समजलं तर गिऱ्हाईक तुटेल, तेव्हा बाहेर बोलू नको, एवढं म्हणाले. म्हणणं रास्त वाटलं. मी तशीही बाहेर काही बोलत नाही.

५ ऑगस्ट

दोन नंबरच्या मशीनला लोक भिंगरीवालं म्हणतात. मूळ नाव जपानी अक्षरांत आहे, कोणाला वाचता येत नाही. एक नंबरवर त्याच खेळाचा पहिला भाग आहे. त्यात शिरस्त्राण घातलेला तोच गडी गुहांतून फिरतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो. दुसऱ्या भागात त्याला भिंगरी मिळते. तिसऱ्या गुहेत एक शिळा ढकलली की तिच्याखाली ती सापडते, आणि तिथपासून खेळच बदलतो. उडी मारल्यावर हवेत असतानाच दुसऱ्यांदा बटण दाबायचं. गडी अंगाचा गोळा करतो, त्याच्याभोवती पाती निघतात आणि तो गरगरत पुढे जातो. ज्याला तो लागतो ते मरतं. फिरत असेपर्यंत त्याला कशानेच इजा होत नाही. जमिनीला टेकल्यावर मात्र क्षणभर तो उघडा असतो, मग साधं वटवाघूळही त्याला मारतं.

अडचण वेळेची आहे. दुसरं बटण फार लवकर दाबलं तर काही होत नाही, उशीर झाला तर गडी खाली पडतो. गेल्या महिन्यात मी बटणाच्या तारांना एक टायमर जोडून मोजलं होतं. पहिल्या दाबानंतर ०.५० ते ०.५३ सेकंद. एवढीच फट.

पाचव्या गुहेत ओळीने अकरा खड्डे आहेत आणि प्रत्येकावर उडते राक्षस. ओळीने अकरा भिंगऱ्या लागल्या तरच पलीकडे जाता येतं. सगळ्या बर्डीत हे एकालाच जमतं, देवरावला. त्याला कारण आहे. तो पडद्याकडे जवळजवळ पाहतच नाही. डावा पाय जमिनीवर आपटत राहतो, मागाची पावडी दाबावी तसा, आणि उजवा हात त्या ठेक्यावर बटण दाबतो. बारा वर्षं त्याने याच हाताने मागाचा धोटा फेकायची दोरी ओढली. आमच्या गल्लीतल्या आणखी दोघांना पाच-सहा भिंगऱ्या लागतात. तेही विणकरच होते.

आज मालक सुजल्या तोंडाने स्वतः रुपरावकडे गेले. पैज लावून आले. १४ तारखेला, रविवारी दुपारी, एक टोकन, एक डाव. देवराव जिंकला तर रुपरावची माणसं कायम फुकट खेळतील, आणि आठवड्याचा हप्ता दुप्पट. मालकांचा गडी जिंकला तर रुपराव पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. रुपराव हसला, म्हणाला, "दात गेले अन् अक्कल बी गेली का गा तुही?" आणि शब्द दिला.

८ ऑगस्ट

मालकांचा गडी म्हणजे नानाजी, पारशिवनीचा. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू. सकाळी दहाला मी पोचले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि तो आत भिंगरीवाल्यावर खेळत होता. मालक म्हणाले, दुरुस्तीनंतर मशीन चालवून पाहायला कोणीतरी हवंच. खरं आहे. नवा भाग टाकल्यावर पाटी निदान तीस तास चालवावी.

बाकी गिऱ्हाइकांसाठी दोन नंबर रविवारपर्यंत बंद. देवरावने घरी विचारलं, तेव्हा मी तेच सांगितलं.

९ ऑगस्ट

रुपराव देवरावला एकट्याने बाहेर सोडत नाही. कोणी त्याचा हात मोडेल अशी भीती. काल पानठेल्यावर एक जण गमतीने म्हणाला, की पैज विकत घ्यायला किती लागतील? रुपरावने सायकलची चेन काढली. त्या माणसाचा कान अर्धा लोंबत होता. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं, सहा फटके. सहाव्यानंतर रुपरावने चेन पाण्याच्या पिंपात धुतली, पुसली, सायकलला परत चढवली आणि त्याच सायकलवरून गेला.

घरी माय म्हणाली, "त्याच्या डोक्यात शनी हाये. पन आपल्या देवरावले जीव लावते." या दोन गोष्टी तिने एका दमात म्हटल्या.

११ ऑगस्ट

गल्लीत एकच माग उरला आहे, मनकर्णामावशींचा. मशीन बंद असल्यामुळे देवराव चार दिवसांपासून त्यावर बसतो आहे. ठेका हातातून जाऊ नये म्हणून. मावशींचं अर्धं राहिलेलं लुगडं आपसूक पुढे सरकतं आहे. माय खूश आहे. दोन वर्षांनी तिच्या कानांवर त्याच्या मागाचा आवाज पडतो आहे. दारात बसून ती डोळे मिटून ऐकत असते.

कॉलेजात बक्षीस मिळालेलं स्टॉपवॉच घेऊन गेले. धोट्याच्या दहा फेकी मोजल्या. ५.२ सेकंद. पुन्हा ५.२. तिसऱ्यांदा ५.१. म्हणजे एका फेकीला ०.५२. मशीनच्या फटीत नेमका मधोमध. माणसाच्या हातापायांतून इतकं अचूक काही निघू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी मोजत नाही वं. पायच सांगते."

आठवड्यापूर्वी माणसाचे दात पडताना तो शांत उभा होता, हे मला त्या वेळी आठवलं नाही. आत्ता लिहिताना आठवलं.

१४ ऑगस्ट, रविवार

क्रमाने लिहिते.

दुपारी दोन. आत साठेक माणसं, बाहेर त्याहून जास्त. पंखा बंद पडला होता. नाणेफेकीत देवरावचा डाव आधी आला. तिसऱ्या गुहेपर्यंत साध्या उड्या, ते नीट झालं. शिळा ढकलली, भिंगरी मिळाली. तिथली पहिली भिंगरी लागली नाही. त्याने मान हलवली, पुन्हा मारली. लागली नाही. तिथून साधं चालून जाता येतं, तो गेला. मला वाटलं, घाबरला आहे.

पाचव्या गुहेत पोचला तेव्हा तीन जीव शिल्लक होते. तिन्ही पहिल्याच खड्ड्यात गेले. पाय आपटण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, घरी मागावर येत होता तसाच. हातही तसाच पडत होता. गडी फक्त उडी मारत होता आणि आत पडत होता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मागून कोणीतरी हसलं.

नानाजीने जीभ दातांत धरून, पडद्याला नाक लावून अकरा खड्डे ओलांडले. कोणी टाळी वाजवली नाही.

माणसांनी वाट दिली, रुपराव दारापर्यंत गेला. देवरावला त्याने खांद्याला धरून सोबत घेतलं होतं, मित्राला धरतात तसं. उंबऱ्यावर थांबून विचारलं, "कितीत विकला गा?" देवराव म्हणाला, "रुप्या, आईची शपथ, हात बरोबर पडून राहिला होता." रुपरावच्या दोघांनी त्याला खाली बसवलं, उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. रुपरावने शटरच्या खालच्या पट्टीला लटकून ते खाली आणलं.

आवाज लोखंडाचा होता. दुसरा कोणताच आवाज मला ऐकू आला नाही, जरी देवरावचं तोंड उघडं होतं.

शटर वर केल्यावर रुपराव पायरीच्या खाली उभा होता. मला म्हणाला, "बहिणी, येत्या रविवारपर्यंत त्यानं विकत घेनाऱ्याचं नाव सांगावं. नाही तं डावा." मग मालकांकडे पाहून म्हणाला, दिलेला शब्द पाळीन, पायरी चढणार नाही.

नानाजी संध्याकाळच्या गाडीने पारशिवनीला गेला.

१५ ऑगस्ट

मोठा दवाखाना. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. तर्जनीचं पहिलं पेर काढलं. बाकी दोन जोडतील, वाकणार नाहीत. वॉर्डाच्या खिडकीतून समोरच्या शाळेतलं झेंडावंदन दिसत होतं. माय खाटेखाली बसून आहे.

देवराव दिवसभर तेच बोलतो आहे. "सत्या," मला म्हणतो, "हात बरोबर पडला होता." गर्दी, उकाडा, ताण. अशा वेळी माणसाचा ठेका चुकतो आणि त्याला कळत नाही. मी त्याला हे समजावून सांगितलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

गल्लीत आमच्या दारावर कोणी तरी डांबर फासलं आहे. रुपरावच्या माणसांनी पैजेवर पैजा लावल्या होत्या.

१८ ऑगस्ट

मुंबईहून पार्सल आलं. बारा मेगाहर्ट्‌झ.

सोल्डर करून लावला. मशीन चालू केलं तर चित्र भराभर खाली सरकायला लागलं. व्हर्टिकल होल्ड मी चौथ्या तारखेला फिरवला होता, तो परत आणावा लागला. पाऊण फेरा. पेचकस बटणावर तसाच धरून मी त्या पाऊण फेऱ्याकडे पाहत बसले.

नंतर मागच्या पानांवर आले. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात आहेत. एक चौथ्या तारखेला, एक अकराव्या.

बारावर सेकंदाला साठ चित्रं. फट तिसाव्या चित्रापासून बत्तिसाव्यापर्यंत, म्हणजे ०.५०० ते ०.५३३.

११.०५९२ वर सेकंदाला ५५.३ चित्रं. तीच फट ०.५४२ ते ०.५७९.

देवराव ०.५२०.

बावीस हजारांश सेकंद लवकर. प्रत्येक वेळी. आठवडाभर मागावर बसून त्याने तो ठेका इतका पक्का केला की चुकूनसुद्धा उशीर होऊ नये. मी स्टॉपवॉच घेऊन शाबासकी दिली.

हात बरोबर पडला होता.

१९ ऑगस्ट

महादेवरावांना विचारलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ते नाकबूल झाले नाहीत. नव्या दातांचं माप देऊन आले होते, बोलताना स ऐवजी श निघत होता. म्हणाले, "मी तुलेच विचारलं होतं, बाई. तूच शांगितलं. तुनं नशतं शांगितलं तं मले काय कळत होतं?"

मी म्हणाले, माझ्या भावाचा हात गेला. ते म्हणाले, "माहे दात पडले तेव्हा तुहा भाऊ कुठं उभा होता?"

मग त्यांनी हात जोडले. मुलगी लग्नाची आहे, रुपरावला कळलं तर तो मला जिवंत ठेवणार नाही, म्हणाले. देवरावला महिनाभर पारशिवनीकडे लपवू, सगळी व्यवस्था मी करतो. मी विचार करते म्हणाले.

विचार केला. देवराव लपला तर तो विकला गेला हे कायमचं खरं होईल. आणि रुपराव शोधून काढेल. तो न थांबता फिरतो आहे, लागेल त्याला कापतो आहे. पण देवराव खोटा नाही हे त्याला पटवता आलं तर डावा हात वाचतो. त्याला तोंडाने सांगून पटणार नाही. आकडे त्याला वाचता येत नाहीत.

पाय मात्र त्यालाही आहेत.

२० ऑगस्ट, शनिवार

सकाळी अकरा. देवरावला सुट्टी मिळाली होती, हात गळ्यात. त्याला दुकानात आणलं. रुपरावला निरोप दिला. तो खाली रस्त्यावर येऊन थांबला, म्हणाला, पायरी चढणार नाही. मी म्हणाले, "पैज खोटी होती. चढ." तो वर आला. सोबत दोघं. मालक काउंटरमागे होते. मी येणार आहे हे त्यांना माहीत होतं, रुपराव येईल हे नव्हतं.

मी रुपरावला भिंगरीवाल्यासमोर बसवलं. त्याने स्वतः कधी खेळून पाहिलं नव्हतं, तो फक्त खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहायचा. मी म्हणाले, पडदा पाहू नको. बापाचा माग आठव. पाय टाक, दोरी ओढ. तो हसला, पण पाय टाकला. वीस वर्षांत मागावर न बसलेला माणूस, चौथ्या प्रयत्नाला भिंगरी लागली. मग ओळीने तीन. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, हे लिहायला मला आवडत नाही, पण झाला होता.

मग मी मशीन बंद केलं, बारा काढला, जुना लावला, चित्र थांबवलं. तीस मिनिटं लागली. रुपरावला पुन्हा बसवलं. पाय तोच, हात तोच. एक नाही लागली. वीस वेळा मारून पाहिलं.

तो उठला आणि देवरावसमोर उभा राहिला. बराच वेळ गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. देवराव म्हणाला, "मी बोललो होतो ना गा." रुपरावने मान खाली घातली.

मग माझ्याकडे वळला. "हा कोणी टाकला?"

"मी. तुझ्या सळईने आधीचा फुटला होता."

"तुले मालूम होतं का, देवराव हारन म्हणून?"

"नाही. मशीन सावकाश चालेल एवढं माहीत होतं."

"अजून कोणाले मालूम होतं?"

"मालकांना."

उत्तर द्यायला मला एक सेकंदही लागला नाही. प्रश्न होता, त्याचं उत्तर मला माहीत होतं.

महादेवराव काउंटरखालून निघून दाराकडे धावले. दारातच धरले. रुपरावच्या दोघांनी त्यांना उंबऱ्यावर पालथं पाडलं, दोन्ही हात पुढे ओढले. मी ओरडले असं देवराव म्हणतो. मला आठवत नाही. मी एकाचा शर्ट धरला, त्याने कोपर मारलं, माझा खालचा ओठ फाटला. शटर तीन वेळा पडलं. पहिल्यांदा मनगटांवर. दुसऱ्यांदा ते हात ओढायला पाहत होते म्हणून बोटांवर. तिसऱ्यांदा हात हलत नव्हते.

मग रुपरावने सळई घेतली आणि दोन नंबरचं मशीन पूर्ण फोडलं. पडद्याची काच माझ्या केसांत होती. जाताना मला म्हणाला, "बहीण हायेस म्हणून सोडतो."

२२ ऑगस्ट

महादेवरावांचे दोन्ही हात मनगटापासून प्लास्टरमध्ये आहेत. त्यांची मुलगी चमच्याने पाणी पाजत होती. मला पाहून तिने पडदा ओढला.

देवरावशी आज पहिल्यांदा नीट बोलणं झालं. मी म्हणाले, मी खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, "तू खरंच सांगते. मालकाले बी खरं सांगितलं, रुप्याले बी खरं सांगितलं." मग विचारलं, "कोणी काही विचारलं, का कशाले पाहिजे हे तू काहून विचारत नाही वं कधी?"

मी म्हणाले, तूही त्या दिवशी मागे उभा राहून काही विचारलं नव्हतंस. तो म्हणाला, नाही विचारलं.

त्याला डाव्या हाताने चहाचा कप धरवत नाही, बशीत ओतून दिला.

२४ ऑगस्ट, बुधवार

दुपारी ठाण्यातून एक हवालदार घरी आले. साठीला टेकलेले, घामाने डबडबलेले. मायने पाणी दिलं. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, शनिवारी शटर किती वाजता पडलं, किती वेळा पडलं, तुम्ही कुठे उभ्या होता.

तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरं मला माहीत होती.

मी विचारलं, "हे तुम्हाला कशासाठी हवं आहे?"

त्यांनी वर पाहिलं. असं त्यांना कोणी विचारलं नसावं. म्हणाले, कागद बंद करायचा आहे. मालकाने जबाब दिला आहे, की शटरची स्प्रिंग तुटली, आपोआप पडलं, अपघात. तुमच्या भावाचंही तेच लिहिलेलं आहे. तुम्ही मेकॅनिक आहात म्हणून स्प्रिंगचं तेवढं सांगा, सही करा, झालं. मग आवाज खाली आणून ते मायला म्हणाले, "बाई, समोरच त्याचं घर हाये. कशाले वाढवता?"

माय माझ्याकडे पाहत होती. देवराव आतल्या खोलीत होता, त्याची खाट करकरली.

मी म्हणाले, लिहा. स्प्रिंग मी स्वतः पाहिली आहे, ठीक आहे. अजूनही ठीक आहे, जाऊन पाहा. शटर चार वेळा पडलं. चौदा तारखेला एकदा, माझ्या भावाच्या उजव्या हातावर. वीस तारखेला तीनदा, महादेवरावांच्या दोन्ही हातांवर. चारही वेळा रुपरावने पाडलं. मी दोन्ही दिवस चार-पाच हातांवर होते. आणि त्याला महादेवरावांचं नाव मी सांगितलं. तेही लिहा.

त्यांनी लेखणी थांबवली. कोर्टात उभं राहून हे सांगाल का, विचारलं.

हो म्हणायला या वेळी वेळ लागला. सांगेन म्हणाले. आधी दोन्ही बाजूंची सगळी पानं वाचली, एका जागी चौदाचे चोवीस झाले होते ते दुरुस्त करायला लावलं, मग सही केली.

ते गेले. स्वयंपाकघरातला पाटा मायने आणि मी मिळून ओढला आणि दाराला लावला. समोरच्या घराची खिडकी उघडी होती. रुपराव तिच्यात बसून होता, हवालदार आला आणि गेला ते त्याने पाहिलं आहे.

आतल्या खोलीत देवराव औषधाच्या गुंगीत झोपला आहे. उजवा हात उशीवर. डावा पाय चादरीखाली हलतो आहे, थांबतो आहे, पुन्हा हलतो आहे. स्टॉपवॉच टेबलावरच होतं. मी ते उचललं नाही.